पत्र्याला मोठं भोक पाडायचं तर कुठला होल सॉ घ्यावा, तीन प्रकार वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी मोठा फॅब्रिकेटर वगैरे नाही. छोटे कंट्रोल बॉक्स बनवतो, म्हणजे पत्र्याचा डबा, त्याच्या दारावर पुश बटणं आणि इंडिकेटर, खालून केबल ग्लँड (केबल आत घेताना तिला आवळून धरणारा तुकडा), बस एवढंच, आणि मधेच कुणीतरी सिंकला नळासाठी भोक पाडून दे म्हणून येतं. त्यामुळे माझ्या हाताखालून जाणारा पत्रा १ ते २ मिमीचा, फार तर ३. जाड प्लेट किंवा पाईपवाल्यांनी यातलं सगळंच्या सगळं आपल्याला लावून घेऊ नये. आणि १० मिमीच्या वर साधा ड्रिल बिट पातळ पत्र्यात घातला की गोल भोकाऐवजी तीन कोपऱ्यांचं काहीतरी तयार होतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना होल सॉ (कडेला दाते असलेली कपासारखी गोल करवत) कशाला लागतो ते सांगायला नको.

सुरुवात मी पण तिथूनच केली जिथून सगळे करतात. तो काळा सेट, एकाच प्लेटमध्ये एकात एक अशा सात-आठ रिंगा बसतात तो. डब्यावर लाकूड, प्लॅस्टिक, मेटल सगळंच छापलेलं होतं. १.२ मिमीचा साधा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा, त्यात लावला, अर्ध्या मिनिटात किंचाळायला लागला, धूर निघाला, आणि बाहेर काढून बघतो तर दाते निळे पडलेले आणि पत्र्यावर नुसती गोल रेघ. ते धार गेलेलं ब्लेड मी अजून दाबत होतो हा माझा मूर्खपणा, पण मूळ दोष त्या स्टीलचा. साधं कार्बन स्टील २००-२५० डिग्रीच्या पुढे गेलं की मऊ पडायला लागतं, आणि पत्रा कापताना दात्याच्या टोकाला तेवढी गरमी यायला वेळ लागत नाही. हाय स्पीड स्टील (एचएसएस) साधारण ६०० डिग्रीपर्यंत आपली धार धरून ठेवतं. हाच फरक. मेटलसाठी तो सेट शून्य स्टार, प्लायवूड आणि जिप्समला मात्र आजही वापरतो, तिथे काहीच तक्रार नाही.

मग बाय-मेटल आणले. बाय-मेटल म्हणजे काय तर अंगाचं स्टील लवचिक, आणि दात्यांची कडा तेवढी एचएसएसची, वेल्ड करून लावलेली. त्यामुळे दाते कडक पण कप तडकत नाही. चांगल्या पाकिटावर एम४२ किंवा ८ टक्के कोबाल्ट असं लिहिलेलं असतं, स्टेनलेस करायचं असेल तर तेच बघून घ्या. स्टॅरेट, लेनॉक्स, बॉश, मिलवॉकी सगळ्यांचे बाय-मेटल मिळतात. कुठला ब्रँड भारी या वादात मी पडत नाही कारण माझ्या अनुभवात ब्रँडपेक्षा वापरणाऱ्याच्या स्पीडने जास्त फरक पडतो, त्याच्यावर खाली येतोच.

बाय-मेटलचं आर्बर वेगळं घ्यावं लागतं हे पहिल्यांदा घेताना बऱ्याच जणांना माहीतच नसतं. नुसता कप घेऊन घरी येतात. आर्बर म्हणजे मधला दांडा, ज्याच्यात पायलट ड्रिल (मधोमध आधी भोक पाडून कपाला जागेवर धरणारा बिट) बसतं आणि ज्याच्यावर कप फिरवून बसवायचा. यात मुख्य दोन साईज. साधारण १४ ते ३० मिमीच्या कपांना अर्धा इंच २० आट्यांचं, आणि ३२ च्या पुढे पाच अष्टमांश इंच १८ आट्यांचं, ज्याला बाजूला दोन पिना असतात. म्हणजे २२ आणि ३५ दोन्ही हवे असतील तर दोन आर्बर लागणार. अजून एक गोची, मोठ्या आर्बरचा षटकोनी दांडा बऱ्याचदा सात सोळांश इंच असतो, म्हणजे ११ मिमीच्या आसपास, आणि तुमच्या ड्रिलचा चक १० चा असेल तर तो आत जातच नाही. मी हे काम सुरू करायच्या दिवशी सकाळी शोधून काढलं.

पिनावाल्या आर्बरवर कप बसवताना पार गच्च आवळायचा नाही. हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग पिना भोकांसमोर येतील एवढा उलटा आणा आणि पिना आत ढकला. जोर पिनांनी घ्यायचाय, आट्यांनी नाही. छोट्या आर्बरला पिना नसतात, तिथे काम करता करता कप आपणच आवळत जातो आणि नंतर दोन पाणे लावूनही निघत नाही. मधे एक पातळ नायलॉनचा वॉशर टाकला तर सुटायला सोपं जातं.

आता मुद्द्याचं. २-३ मिमीच्या पत्र्यात बाय-मेटल अगदी लोण्यासारखा जातो, काही म्हणायला जागा नाही. पण १ मिमीत? तिथे तो पकडतो. म्हणजे नीट कापत असतो, संपत आलेलं असतं आणि शेवटच्या क्षणी खाडकन अडकतो, मशीन मनगट पिरगाळते, पत्रा उचलला जातो, भोकाची एक बाजू फाटते. बरेच जण म्हणतात दाते बोथट झाले म्हणून होतं, मला ते पटत नाही, नवीन कोऱ्या कपानेही हेच केलंय. झालंय काय तर या कपांना साधारण इंचाला ४ ते ६ दाते असतात, म्हणजे दोन दात्यांमधलं अंतर ४ ते ६ मिमी आणि मधली खाच चांगली खोल, एक मिमीच्या पत्र्यापेक्षा कितीतरी खोल. कप पत्र्याला एकदम सरळ उभा असेल तर सगळे दाते एकाच वेळी घासतात आणि एकाच वेळी आरपार जातात, काही प्रॉब्लेम नाही. पण हातातली मशीन कधीच एकदम सरळ नसते. एक-दोन डिग्री तिरकी असली की एक बाजू आधी फुटते, आणि फुटलेल्या बाजूला जी पत्र्याची पातळ कड शिल्लक राहते ती सरळ त्या खाचेत जाऊन बसते. मग दाता तिला कापत नाही, ओढतो. सगळा झटका तिथून येतो.

दुसरं म्हणजे पायलट. पायलट ड्रिल पाव इंचाचं असतं, ते आरपार गेलं की आपण दिलेला सगळा दाब एकदम मोकळा होतो आणि कप धाडकन पत्र्यावर आदळतो. दाते तुटतात ते बहुतेक इथेच, कापताना नाही. मी आता सरळ पायलटचं भोक आधी वेगळ्या बिटने पाडून घेतो, मग होल सॉ लावतो. पायलट त्यात फक्त गाईड म्हणून फिरतो. पण हे भोक पायलटच्याच मापाचं हवं, थोडंही सैल झालं तर कप सुरुवातीलाच नाचायला लागतो आणि रंगावर चरे.

या पकडण्यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे लाकूड. पत्र्याच्या मागे प्लायचा तुकडा लावायचा आणि दोन्ही मिळून क्लॅम्प मारायचे. पायलट लाकडात रुतून राहतो म्हणून कप हलत नाही, आणि पत्रा खाली वाकत नाही. फारच पातळ पत्रा असेल, ०.८ वगैरे, तर पुढूनही एक तुकडा लावा, म्हणजे पत्रा सँडविच. वेळ लागतो खरा, पण भोक असं निघतं की बर (कडेला राहणारी धारदार कोर) काढायलाही फार काही उरत नाही. क्लॅम्प न लावता एका हाताने पत्रा धरून दुसऱ्या हाताने होल सॉ चालवणारे लोक मी बघितलेत, त्यांना काही बोलण्यात अर्थ नाही, पत्रा एकदा फिरला की बोटांना कळतं.

बाय-मेटलची अजून एक कटकट म्हणजे चकती. कापलेली चकती कपात पायलटला धरून गच्च बसते. कपाच्या अंगाला त्यासाठीच फट असते, त्यातून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकायची. लेनॉक्सच्या कपाला ती फट लांब आणि तिरकी पायऱ्यांसारखी आहे, तिच्यात ड्रायव्हरला टेकू मिळतो, हे मला खरंच आवडलं. पण लगेच बोट लावू नका, चकती चांगलीच तापलेली असते. एका डब्याला सोळा भोकं असली की सोळा वेळा हा कार्यक्रम, आणि तिथेच मला वाटलं की बास, दुसरं काहीतरी बघू.

दुसरं काहीतरी म्हणजे कार्बाइड दात्यांचा उथळ कटर. पाकिटावर टीसीटी (टंगस्टन कार्बाइड टिप्ड) लिहिलेलं असतं. हा दिसायलाच वेगळा आहे, उंचीला कमी, जाड अंगाचा, दाते मोजकेच आणि प्रत्येक दात्याच्या टोकाला कार्बाइडचा तुकडा ब्रेझ केलेला. दांडा अंगाचाच किंवा सोबत आलेला, वेगळं आर्बर शोधायला नको. आत एक स्प्रिंग असते ती चकती बाहेर ढकलते. आणि वरच्या बाजूला कॉलर, म्हणजे कपापेक्षा रुंद कड, जी पत्र्याला टेकली की कटर त्याच्यापुढे जाऊच शकत नाही.

ही कॉलर म्हणजे माझ्यासाठी पैसे वसूल. वायरिंग झालेल्या पॅनेलमध्ये कुणालातरी अजून एक बटण हवं असतं, हे तर कायमचंच, आणि तिथे बाय-मेटल आरपार धसकला की तो आतल्या वायरींपर्यंत जाऊन थांबतो. (सप्लाय बंद करूनच काम करायचं हे सांगायची गरज नाही असं धरून चालतो.) उथळ कटर आत फार तर काही मिमी जातो. पायलट मात्र पुढे येतोच, त्यामुळे मागे काहीतरी आडवं लावाच, आणि लोखंडाचा कीस आत सांडू नये म्हणून खाली कापड किंवा चिकटपट्टी. किसाचा एक तुकडा कॉन्टॅक्टरमध्ये (पॅनेलमधला विजेवर चालणारा स्विच) गेला तर मग पुढचा दिवस शोधण्यात.

कापण्याची क्वालिटी? १.६ मिमीच्या एमएसमध्ये, म्हणजे ज्याला आपण १६ गेज म्हणतो, कडा बाय-मेटलपेक्षा कितीतरी स्वच्छ, माप जवळजवळ बरोबर. बाय-मेटलचं भोक नेहमी नावापेक्षा थोडं मोठं येतं, कारण दाते आत-बाहेर वाकवलेले असतात आणि कप थोडा डुलतो. त्याचा मला एका ठिकाणी फायदाही झालाय, पुश बटणाला २२.५ चं भोक लागतं आणि २२ चा बाय-मेटल बऱ्याचदा आपणहून तेवढं करून देतो. पण बऱ्याचदा म्हणजे दरवेळी नाही. टीसीटीत २२.५ चाच कटर मिळतो, तो घेतला की विचार करायला नको. बटण फिरू नये म्हणून वर जी छोटी खाच लागते ती मात्र कानसीनेच काढावी लागणार, ती कुठलाच होल सॉ काढत नाही.

तोटे पण सांगतो. कार्बाइड कडक असतं पण ठिसूळ. एकदा हॅमर मोड चालू राहिला होता, चुकून, तीन सेकंद असेल नसेल, दोन दात्यांची टोकं उडाली. इम्पॅक्ट ड्रायव्हरवर तर लावूच नका. तिरकं धरलं, मशीन फिरत असताना पत्र्यावर आपटलं, अर्धवट कापलेल्या गोलात पुन्हा घुसवलं, सगळ्याचा हिशोब दाते चुकवतात. एक दाता गेला की पुढच्या दात्यावर दुप्पट काम येतं आणि मग तोही जातो. दुसरं, जाडीची मर्यादा. उथळ कटर बहुतेक ३-४ मिमीपर्यंतच, पाकिटावर लिहिलेलं असतं ते बघून घ्या. आणि पाईप किंवा गोल पृष्ठभागावर हा नकोच, कारण सगळे दाते एकदम टेकत नाहीत, तिथे बाय-मेटलच. तिसरं म्हणजे पायलट. तो एका छोट्या ग्रब स्क्रूने धरलेला असतो, स्क्रू ढिला झाला की पायलट वर सरकतो आणि मग कटर बिनगाईडचा पत्र्यावर घसरत जातो. मी दर चार-पाच भोकांनी अॅलन की फिरवून बघतो. जास्तीचे पायलट घेऊन ठेवा, कटरच्या आधी तेच मरतात.

आता स्पीड. होल सॉ खराब निघाला म्हणून शिव्या देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी तो नुसता जाळलेला असतो असं माझं प्रामाणिक मत आहे. साधी गोष्ट आहे, व्यास मोठा की कडेचा वेग जास्त. ६ मिमीचा बिट ज्या आरपीएमला चालतो त्याच आरपीएमला ३५ चा कप लावला तर कडेचे दाते जवळजवळ सहापट वेगाने घासतात. मी डोक्यात एकच आकडा ठेवलाय, ८६००. त्याला मिमीतल्या व्यासाने भागायचं, बाय-मेटलसाठी साध्या स्टीलचे आरपीएम मिळतात. २२ ला ३९० च्या आसपास, ३५ ला २४५, ५० ला १७०. स्टेनलेसला याच्या निम्मे. अॅल्युमिनियमला दीडपट. टीसीटी यापेक्षा थोडा जास्त वेग सहन करतो पण तो काय म्हणतो ते त्याच्या पाकिटावर बघा, मी तरी हावरटपणा करत नाही.

हे आकडे बघून लक्षात येईल की एकाच गिअरची साधी ड्रिल मशीन, जी अडीच-तीन हजार आरपीएमने फिरते, ती या कामाची नाहीच. ट्रिगर हळू दाबून चालवता येते म्हणतात, पण तेवढ्या हळू तिच्यात जोर राहत नाही आणि मशीनच तापते. दोन गिअरवाली कॉर्डलेस घ्या आणि पहिला गिअर लावा, तो साधारण ४००-५०० च्या आत असतो. साईड हँडल असेल तर लावाच. क्लच सुरुवातीला मधल्या आकड्यावर ठेवला तर अडकल्यावर मनगटाऐवजी क्लच सुटतो, कापायला कमी पडला तर एक-एक वाढवत जायचं. बेंच ड्रिल उपलब्ध असेल तर प्रश्नच मिटला, तिरकेपणाचा सगळा त्रास जातो, फक्त बेल्ट सगळ्यात हळू पुलीवर आणा आणि पत्रा टेबलला बांधा.

स्टेनलेसचं वेगळं सांगायलाच हवं. सिंकला नळाचं भोक ३५ मिमीचं लागतं, आणि माझं पहिलं सिंक मी जवळपास वाया घालवलं होतं. हळूहळू, प्रेमाने, दाब न देता फिरवत बसलो. ३०४ सारखं स्टेनलेस असं चोळलं की ते जागच्या जागी कडक होतं. दाता कापत नसेल आणि नुसता घासत असेल तर प्रत्येक फेरीला खालचा थर अजून कडक, मग दाता अजून बोथट, आणि शेवटी आरशासारखी चकचकीत खाच तयार होते जिच्यावर काहीच चालत नाही. स्टेनलेसला फिरणं हळू पण दाब ठाम आणि एकसारखा. कीस निघतोय ना तेवढं बघायचं, कीस थांबला की तुम्ही थांबा, घासत बसू नका. आणि तेल, कटिंग ऑइल भरपूर, पुन्हा पुन्हा, मधे थांबून कप गार होऊ द्यायचा. दुसऱ्या सिंकला खालून लाकडाचा ठोकळा टेकवला, कोबाल्टवाला कप, १२०-१२५ च्या आसपास आरपीएम, आणि कंटाळवाणं झालं पण झालं. नंतर सगळा कीस पुसून घ्या, साध्या लोखंडाचा भुगा स्टेनलेसवर राहिला तर दोन दिवसात तिथे गंजाचे ठिपके दिसतात आणि लोक म्हणतात सिंकच खोटं दिलं.

साध्या स्टीलला पण तेल लावतोच. अॅल्युमिनियम दात्यांना चिकटतं म्हणून तिथे रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४०. पितळ कोरडंच.

पत्र्यासाठी होल सॉच हवा असं मात्र नाही. २० मिमीच्या आतलं भोक आणि १-१.५ चा पत्रा असेल तर स्टेप ड्रिल, ते पायऱ्यापायऱ्यांचं शंकूसारखं, मला जास्त आवडतं. पकडत नाही, भोक गोल येतं, पुढच्या पायरीने बर पण निघतो. फक्त पत्रा एका पायरीच्या उंचीपेक्षा जाड नको आणि एक पायरी जास्त गेली की भोक मोठं, परत यायचा रस्ता नाही, म्हणून हव्या त्या पायरीवर मार्करने रेघ मारून ठेवा. आणि रोजची शंभर सारखी भोकं असतील तर नॉकआउट पंच. बोल्टने किंवा हायड्रॉलिकने पंच डायमध्ये ओढला जातो, भोक कापलं जातं, आवाज नाही, कीस नाही, रंग शाबूत. मी एकदा दुसऱ्याचा वापरून बघितला आणि परत देताना वाईट वाटलं. पण प्रत्येक मापाला वेगळा पंच आणि डाय, माझ्या कामाच्या मानाने तो परवडणारा नाही.

एक नेहमीची अडचण म्हणजे आधीच असलेलं भोक मोठं करणं. २० चं आहे, ग्लँड मोठा आला, आता २८ चं हवंय, पायलटला धरायला मधे काहीच नाही. एक तर प्लायच्या तुकड्यात २८ चं भोक पाडा, तो तुकडा पत्र्यावर बरोबर जागी क्लॅम्प करा आणि पायलट काढून त्या भोकातून कप चालवा. नाहीतर एकाच आर्बरवर दोन कप बसतात असं आर्बर मिळतं, आतला छोटा कप जुन्या भोकात गाईडसारखा बसतो. प्लायवाली युक्ती फुकट आहे, मी तीच करतो. कानसीने २० चं २८ करायला जाऊ नका, मी गेलोय.

मार्किंगबद्दल एवढंच, जागेवर मास्किंग टेप लावून त्याच्यावर आखणी करा, सेंटर पंच मारा. टेपमुळे पावडर कोटिंगची कड उडत नाही. भोक झाल्यावर दोन्ही बाजूंनी बर काढायचा, गोल कानस किंवा बर काढायची आकडी, आणि उघड्या कडेला प्रायमरचं बोट. जीआय (झिंक चढवलेला) पत्रा असेल तर झिंकवाला टचअप. चष्मा घाला, सैल हातमोजे घालू नका, फिरत्या कपात मोजा अडकला तर हात सोबत जातो. कीस हाताने नाही, ब्रशने.

घ्यायचं काय? माझा हिशोब असा आहे की सेट घेऊ नका. बारा मापांच्या सेटमधले तीनच कप झिजतात आणि बाकी नऊ डब्यात तसेच. तुम्हाला लागणारी मापं आधी लिहून काढा. मला २०.५ (एम२० ग्लँड), २२.५ आणि २८.३ (पीजी२१, हेही ग्लँडचंच माप) लागतात. २०.५ आणि २२.५ टीसीटीत घेतले, २८ बाय-मेटल कारण तो कमी लागतो आणि थोडा मोठा आला तरी ग्लँडचा वॉशर झाकून घेतो, आणि ३५ चा कोबाल्टवाला फक्त सिंकसाठी. पातळ पत्र्यासाठी टीसीटीला साडेचार स्टार, अर्धा पायलटच्या ग्रब स्क्रूने खाल्ला. बाय-मेटलला १ मिमीत तीन आणि २ मिमीच्या पुढे पाच. २२.५ च्या कटरवर आत्तापर्यंत दीडशेच्या आसपास भोकं झाली असतील, सगळी एमएसमध्ये, तेल लावून, एक दाता किंचित झिजलाय पण अजून कापतोय, धार काढून मिळते का ते विचारायचंय.